तुळजाचा हात

पेरुंगुडी, चेन्नई
९ जून २०२५

ती. आत्या,

नमस्कार. मनगटाचं प्लास्टर उतरलं का? उतरलं असेल तर त्या हातानं लगेच पाण्याची बादली उचलायला जाऊ नकोस. तू उचलणारच, म्हणून लिहिते. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तुझा अभिमान आडवा येतो, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. मागचं पाकीट मिळालं तेव्हा ते नीट चिकटलेलं होतं का, तेवढं कळव. इथल्या पोस्टातल्या माणसानं ते फार निरखून पाहिलं होतं.

सिद्धार्थ ठीक आहे. सकाळी शोळिंगनल्लूरला ऑफिसात जातो, संध्याकाळी रहदारीला शिव्या घालत परत येतो. त्याच्या डब्यातली दोडक्याची भाजी हल्ली चक्क संपते. माझी खात्री आहे की तो ती कुणाच्या तरी गळ्यात घालतो आणि स्वतः डोसा खातो. विचारलं की हसतो. म्हणतो, तू लग्नाआधी मला चौकशी समितीसमोर उभं करायला हवं होतंस. बाबाही म्हणायचेच, ही पोरगी विद्युलतावर, म्हणजे तुझ्यावर, गेली. बँकेच्या दक्षता विभागात तू जन्म काढलास, तुला त्याचं काही वाटत नसेल. मला मात्र हल्ली वाटतं की आपल्याला जे दिसतं ते बाकीच्यांना दिसत नाही, आणि मग एकटं पडल्यासारखं होतं.

काय दिसतं ते सांगते. त्यासाठी आधी आमचं काम सांगायला हवं. तुझ्याच हाडाचं आहे.

तू ओट्याशी नुसती घसरलीस आणि मनगट मोडलं, याचं कारण फरशी नव्हे. आपलं हाड काही भिंतीसारखं एकदा बांधलं आणि झालं असं नसतं. त्यात हाड खाणाऱ्या पेशी असतात आणि हाड भरणाऱ्या पेशी असतात. वय झालं की खाणाऱ्यांचं फावतं. या खाणाऱ्या पेशी जन्मतः अशा राक्षसिणी नसतात बरं का. आधी त्या लहान लहान, एकेकट्या असतात. मग त्या एकमेकींजवळ येतात, अंगावरच्या काही रेणूंनी एकमेकींना धरतात, मधल्या भिंती विरतात आणि पाच-दहा जणींची मिळून एक मोठी पेशी होते. ती हाडावर बसते आणि आम्ल सोडून खड्डा पाडते. धरणाऱ्या रेणूंना आम्ही चिकटरेणू म्हणतो. आमचा प्रश्न एवढाच: त्यातल्या एका चिकटरेणूवर झाकण बसवलं, तर लहान पेशी एकमेकींना धरू शकतील का? धरलंच नाही तर मोठी पेशी होणार नाही, आणि उद्या तुझ्यासारख्या बायकांसाठी त्यातून एखादं औषध निघेल. झाकण बसवण्याचं काम एक प्रतिपिंड करतं. ते बाहेरून येतं, लाल झाकणाच्या छोट्या नळीत असतं आणि सोन्याच्या मोलाचं असतं.

हे काम आधी तुळजा एकटी करायची. तुळजा म्हणजे माझ्याच बरोबरीची संशोधक. तंजावरच्या मराठ्यांपैकी, घर तिरुवल्लिक्केणीला. तिच्या घरात अजून जुनं मराठी बोलतात. मी रुजू झाले त्या दिवशी ती दारात येऊन म्हणाली, "आम्चीच माणूस आलीस म्हणून सांगितलें विजयेंद्र सरांनीं. जेवण जालें गे?" मला भरून आलं होतं. इतक्या लांब कुणी जेवलीस का विचारलं, तेही असं पणजीच्या बोलीत.

तर तुळजाच्या प्रयोगात कधी फरक म्हणून दिसलाच नाही. प्रतिपिंड घाला, न घाला, मोठ्या पेशी होतातच. आमचे प्रमुख विजयेंद्र सर, त्यांना हे पटत नव्हतं. प्रतिपिंड चांगलं आहे, दुसरीकडे चालतं, मग इथेच का नाही? म्हणून मला तिच्याबरोबर लावलं. आल्या आल्या माझ्या लक्षात आलं की लाल झाकणाच्या नळीतलं प्रतिपिंड नोंदीपेक्षा कमी भरतंय. तुळजाला म्हटलं, तर म्हणाली, "असेल कीं, मला ठाउक नाहीं." एवढंच. तिला आश्चर्यही वाटलं नाही, आत्या. आणि मी खोलीत शिरले की ती आणि श्रीविद्या (ही आमची तिसरी) तमिळमध्ये बोलत असतात त्या गप्प होतात.

तिचं स्वतःचं काम दुसऱ्याच एका चिकटरेणूवर आहे. हा रेणू बिनकामाचा ठरला तर सर तिच्या रेणूकडे वळतील. आता तूच सांग, प्रतिपिंड पातळ करून घालायला कितीसा वेळ लागतो?

मी सरांना सुचवलं की नळीला एकच हात लागावा. पेशी काचेच्या बशीसारख्या प्लेटांत वाढवतात; त्यातल्या प्रतिपिंड घातलेल्या, म्हणजे झाकणवाल्या, प्लेटा मी करेन, बिनप्रतिपिंडाच्या साध्या प्लेटा तुळजा करेल. पेशी त्याच, दिवस तोच, फक्त हात वेगळे. सरांना ते शिस्तीचं वाटलं. नळी आता माझ्या कुलपात असते. सिद्धार्थ म्हणाला, हे तुमचं सोवळं-ओवळं झालं. होऊ दे.

तू बँकेत अशा वेळी काय करायचीस, ते सविस्तर लिही.

तुझी,
देविका

*

पेरुंगुडी, चेन्नई
२ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र पोचलं. अक्षर थरथरतंय म्हणून तू माफी मागितलीस, पण सल्ला मुळीच थरथरत नाही. तीनदा वाचला.

आधी आनंदाची बातमी. आमच्या प्लेटांमध्ये फरक दिसला! नळी माझ्या ताब्यात आली आणि पहिल्याच फेरीत दिसला. रंग दिल्यावर तुळजाच्या साध्या प्लेटांत जांभळट लाल, मोठ्या, ऐसपैस पेशी, आणि माझ्या झाकणवाल्या प्लेटांत एकट्या-दुकट्या ठिपक्यांशिवाय काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सर सूक्ष्मदर्शकावरून डोकं काढेनात. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोंडा आणि कॉफी मागवली. निबंध लिहायला घेतला, त्यावर माझं नाव पहिलं. हैदराबादच्या एका संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा मिळेल अशी जागा निघाली आहे. सर म्हणाले, हा निबंध हातात असेल तर ती जागा तुझीच, शिफारस मी लिहितो. आत्या, या जागेसाठी मी किती वर्षं दुसऱ्यांच्या टेबलांवर काम केलंय ते तुला ठाऊक आहे.

तुळजाही बोंडा खात होती. म्हणाली, "बरें जालें गे. मज्या हातून होत नव्हतें तें तुझ्या हातून जालें." मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहत होते. असं बोलणारा माणूस इतक्या सहज बोलतो का?

मग सरांच्या डोक्यात आलं की निबंध पाठवण्याआधी एकदा तुळजानं एकटीनं दोन्ही प्रकारच्या प्लेटा करून पाहाव्यात. एकाच माणसाच्या हातचंही काही दाखवायला असलेलं बरं. मला नळी तिच्या हाती द्यावी लागली. दिली. आणि फरक गेला. झाकण असो नसो, सगळीकडे राक्षसिणी.

सांग आता. नळी माझ्याकडे असताना चालणारी गोष्ट तिच्याकडे गेली की बंद पडते, याचा अर्थ लहान मुलालाही कळेल.

तू लिहिलं होतंस की माणूस एकटा आहे असं वाटलं की त्याचे हात खरं बोलतात. म्हणून मी तिला दुसरी फेरी करायला लावली आणि हातमोज्यांच्या खोक्यामागे माझा फोन चित्रण चालू करून ठेवला. टेबल आणि तिचे हात तेवढे दिसतील असा. ती दिवसभर काम करत होती, आणि मी पलीकडच्या खोलीत वही उघडून बसले होते. माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले आणि तुझ्या सल्ल्यातलं दुसरं वाक्य वापरलं. "माझ्याकडे चित्रण आहे," एवढं म्हणाले आणि गप्प बसले. तू म्हणतेस तसंच झालं. समोरचा माणूस ती शांतता स्वतःच भरून काढतो. सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मला दाखवू नकोस. मला ते पाहायचं नाही. तिच्या वडिलांना मी ओळखतो."

तुळजाच्या नेमणुकीची मुदत जुलैअखेर वाढायची होती. ती वाढली नाही. सरांनी तिला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं. बाहेर आली तेव्हा ती सरळ पाण्याच्या टाकीपाशी गेली, एक पेला पाणी प्यायली, आपली पिशवी घेतली आणि जिन्यानं उतरली. लिफ्ट उघडी होती तरी. आता ती येत नाही. श्रीविद्या माझ्याशी कामापुरतंच बोलते.

चित्रणात काय दिसलं असं तू विचारशील. ते आत्ता राहू दे. झालं ते झालं. हैदराबादच्या मुलाखतीचं बोलावणं लवकरच यावं.

हाडांसाठी नाचणी खात जा. औषधाच्या गोळ्या मोजून डबीत ठेव, कामवालीनं नको.

तुझी,
देविका

*

पेरुंगुडी, चेन्नई
१२ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

तू पुन्हा विचारलंस की चित्रणात नेमकं काय होतं. तुझ्यापासून काही लपत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

काही नव्हतं, आत्या.

मी ते पुढे-मागे करून कितीदा पाहिलं. तुळजा नळीतून जेवढं घ्यायचं तेवढं घेते, जिथे घालायचं तिथे घालते, झाकण लावते, नळी बर्फात ठेवते. मध्येच एकदा कोपरानं नाक खाजवते. बाकी काही नाही. मला ते सरांकडे जाण्याआधीच माहीत होतं. तरी मी गेले. मी एकही खोटं वाक्य बोलले नाही, फक्त खरं वाक्य अर्धं बोलले. मला वाटत होतं की तिनं केलंच आहे, कॅमेऱ्याला दिसलं नाही इतकंच. तुझ्या पद्धतीत हा प्रश्नच नव्हता की समोरचा माणूस निर्दोष असला तर त्या शांततेत काय भरलं जाईल. हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. पण थोडा देतेच आहे.

पुढचं ऐक. तुळजा गेल्यावर दोन्ही प्रकारच्या प्लेटा मी एकटी करू लागले. निबंधासाठी शेवटची फेरी हवी होती. तर कुठेच काही होईना! झाकण घातलेल्या प्लेटा रिकाम्या, त्या रिकाम्या असायच्याच होत्या. पण साध्या प्लेटाही रिकाम्या. लहान पेशी जिवंत, टुणटुणीत, पण एकटी एकटी बसलेली प्रत्येक. सर म्हणाले, पेशी कमी घातल्या असशील. मोजून घातल्या, तरी तेच.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? की तुळजानं जाताना काहीतरी करून ठेवलंय. मी सगळी द्रावणं ओतून नवी केली. प्लेटा ठेवायच्या उबदार पेटीचं तापमान तपासलं. पाणी बदललं. पेटीची किल्ली तिच्याकडे राहिलीय का म्हणून चौकीदाराला विचारून आले. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की माझीच मला शरम वाटली. मग मी श्रीविद्याला गाठलं आणि विचारलं की लाल झाकणाच्या नळीला तू तर हात लावत नाहीस ना. ती म्हणाली, "लावला होता. तू यायच्या सुमारास. सरांना विचारून माझ्या एका प्रयोगासाठी घेतलं. तुला सांगणार होते, पण तू तेव्हापासूनच सगळ्यांकडे अशी बघत होतीस की कुणाला तुला काही सांगावंसं वाटेना." म्हणजे नळीतल्या कमी झालेल्या प्रतिपिंडाचं कोडंही सुटलं एका वाक्यात.

तरी माझं मन हटेना. मी पुन्हा ते चित्रण लावलं. या वेळी सिद्धार्थ शेजारी बसून भेंडी चिरत होता. मी म्हटलं, बघ, तुला तरी काही संशयास्पद दिसतंय का. तो बघत राहिला आणि म्हणाला, "ही तांदूळ धुतेय का?"

पेशी घातल्यावर तुळजा प्लेट टेबलावर ठेवून गोल फिरवते. इथल्या बायका तांदळातले खडे खाली बसवायला पातेलं फिरवतात, तशी. अलगद, दोन-चार फेरे. इतकं सवयीचं की तिला स्वतःलाही कळत नसेल. आणि मी? मला पुण्यात शिकवलं होतं की प्लेट पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकवायची, पीठ चाळल्यासारखी, म्हणजे पेशी सगळीकडे सारख्या पसरतात. मी तेच करत आले. ते योग्यच आहे. पण गोल फिरवलं की पेशी मधोमध गोळा होतात, दाटीवाटीनं बसतात. आणि दाटीत बसल्या की एकमेकींना धरणारच. एक चिकटरेणू झाकला तरी धरायला बाकीचे असतात. माझ्या प्लेटांत पेशी इतक्या लांब लांब होत्या की झाकण असो नसो, हाताला लागायला शेजारीणच नव्हती.

मी साध्या आणि झाकणवाल्या, दोन्ही प्लेटा तुळजासारख्या फिरवून ठेवल्या. आठवड्यानं रंग दिला. दोन्हींत मधोमध मोठ्या पेशी, अगदी सारख्या. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले.

म्हणजे आमचा सगळा शोध झाकणाचा नव्हताच. तो दोन बायकांच्या हातांतला फरक होता. दोन्ही हात एकाच प्लेटेला लागले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ते लागू नयेत म्हणून कुलूप मी घातलं. तिच्यावरचा अविश्वास मी मोजला आणि त्याला निष्कर्ष म्हटलं.

निबंध महिनाअखेर जाणार आहे. सरांना अजून काही सांगितलेलं नाही. मुलाखतीचं पत्र आलंय. सांगितलं तर निबंध गेला, शिफारस गेली, जागा गेली. नाही सांगितलं तर तुळजावरचा डाग तसाच राहतो आणि ती जाईल तिथे तो आधी पोचतो. चेन्नईत आमच्या कामाच्या प्रयोगशाळा आहेतच किती? दोन ठिकाणी तिला बोलावून नंतर नाही म्हणून कळवल्याचं श्रीविद्या सांगत होती.

मला भीती वाटते आहे. हे तुला लिहायला लाज वाटत नाही.

देविका

*

पेरुंगुडी, चेन्नई
४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या,

या वेळी तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. पाहिली असती तर तू काय लिहिलं असतंस त्याचा अंदाज होता, आणि ते मला मानवलं असतं.

आधी तुळजाकडे गेले. फोन तिनं उचलला नव्हता. पार्थसारथीच्या देवळामागच्या गल्लीत त्यांचं घर आहे, पहिल्या मजल्यावर. तिच्या आईनं दार उघडलं. मागून तुळजा आली. मला पाहून तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "फोन आहे तुझ्याकडे?"

मी पर्समधून काढून दाखवला.

"बाहेर ठेव."

"कुठे?"

"पायरीवर. चपलांपाशीं."

"कुणी नेला तर?"

"नेऊं दे."

मी तो चपलांपाशी ठेवला. मग तिनं मला आत घेतलं. तिची आई कॉफी आणायला वळली तर तुळजा म्हणाली, "अम्मा, तूं इथेंच बस. ही काय सांगते तें दोघींनीं ऐकलेलें बरें." आत्या, तिला साक्षीदार हवा होता. माझ्यासमोर बसायला.

मी सगळं सांगितलं. प्लेट फिरवण्याचं, माझ्या रिकाम्या प्लेटांचं, आणि चित्रणाचं. चित्रणात काही नव्हतं हे सांगितल्यावर तिची आई उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. तुळजा म्हणाली, "तुझा संशय मला ठाउक होता. तूं नळी कुलुपांत घातलीस, तेव्हांच कळलें."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलूं? मीं चोरलें नाहीं म्हणून? कोणी विचारल्याशिवाय?"

मी माफी मागणार होते, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"तूं रोज मजशेजारीं उभी राहात होतीस गे," ती म्हणाली. "तुळजा, काय करतेस, असें एकदां म्हणालीस तर मीं प्लेट फिरवून दाखवली असती. दोघी हसलों असतों."

मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही, नाकारलीही नाही. म्हणाली, "इथें सांगून काय? तिथें सांग. सगळे बसतील तेव्हां. मी येतें. मराठींत नको, सगळ्यांना कळेल अशा भाषेंत."

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी आमची बैठक असते. तुळजा आली, मागच्या रांगेत बसली. यंत्रांना लावायला आणलेलं चंदन-कुंकू खिडकीत ठेवलेलं होतं. मी उभी राहिले आणि आधी माझ्या सगळ्या प्लेटांची छायाचित्रं दाखवली, मग ते चित्रण लावलं. सगळ्यांनी तुळजाचे हात पाहिले. ती नाक खाजवते तिथे कुणीतरी हसायला लागलं आणि लगेच थांबलं. सरांनी विचारलं, "पुढे काय आहे?" मी म्हटलं, "पुढे काहीच नाही सर. पहिल्यापासून काहीच नव्हतं. मी फक्त आहे म्हणाले." सरांचे कान लाल झाले. त्यांनीही ते पाहायला मागितलं नव्हतं, हे त्यांना तेव्हाच उमगलं असावं. ते म्हणाले, "बाकीचं माझ्या खोलीत बोलू." मागून तुळजा म्हणाली, "नको सर. त्या वेळीं खोलींतच बोलला होतां. आज इथें बोला."

सर बोलले. अडखळत बोलले, पण बोलले. तिची माफी मागितली, मुदतवाढ देऊ केली, आणि ज्या दोन ठिकाणांहून तिला नकार आला तिथे स्वतः कळवतो म्हणाले. कळवलंही, श्रीविद्यानं सांगितलं. तुळजानं मुदतवाढ घेतली नाही. वेल्लूरला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं आहे, आमच्या कामापेक्षा पुष्कळ साधं.

निबंध गेला नाही. माझी शिफारस सरांनी परत घेतली आणि मुलाखतीला येणार नाही, असं मीच कळवून टाकलं. सिद्धार्थ म्हणाला की हैदराबादला नाही तर नाही, इथली दोडकी काय वाईट आहेत. मग त्यानं मला जवळ घेतलं, आणि मी त्याच्या शर्टाला डोशाचा वास येतो का ते पाहिलं नाही.

सरांनी मला काढलेलं नाही. पण श्रीविद्यानं तिच्या नळ्या दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवल्या आणि त्याला कुलूप घातलं. मी काही मोजायला बसले की कुणीतरी सहज आल्यासारखं मागे येऊन उभं राहतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि तसं वाटून घ्यायचा मला हक्क नाही.

पूजेच्या दिवशी तुळजा तिचा पांढरा कोट आणि कॉफीचा पेला न्यायला आली होती. दारात दृष्ट लागू नये म्हणून कोहळा फोडून ठेवलेला होता, तो ओलांडून बाहेर पडताना मी तिच्यामागे गेटापर्यंत गेले. म्हटलं, "वेल्लूरहून आलीस की घरी ये."

तिनं माझ्याकडे पाहिलं. नीट, शांतपणे. आणि म्हणाली, "जातें."

आत्या, आपल्यात दारातून निघताना कुणी जाते म्हणत नाही. इथे तमिळमध्येही नाही, जाऊन येते म्हणतात, भाजीवालीसुद्धा म्हणते. आणि तुळजा तर पणजीच्या बोलीत वाढलेली. ती चुकून म्हणाली नाही.

मी तिथेच उभी राहिले. ती रस्ता ओलांडून स्टेशनाच्या जिन्याकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

आता तुझं उत्तर येईल. तब्येतीचं लिही, मनगटाचं लिही, मला रागावून लिहायचं असलं तर तेही लिही. फक्त तिचंही थोडं चुकलंच असेल, असं लिहू नकोस. तू लिहिलंस तर मला ते पटेल.

तुझीच,
देविका